माझं खातं प्रायव्हेट आहे, मग मला भीती कशाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं खातं प्रायव्हेट आहे. जोडलेली माणसं दीडशेच्या आत आणि बहुतेक सगळी ओळखीची. मी स्वतः फार काही टाकत नाही. लपवावं असंही माझ्याकडे काही नाही. तरी घरातले म्हणतात, सोशल मीडिया धोक्याचा आहे, बंद कर. खरंच बंद करायला हवं का? आणि नको असेल, तर काळजी नेमकी कशाची घ्यायची?"

आधी सरळ उत्तर देते. तुम्ही जे सांगितलंय त्यावरून खातं बंद करायची गरज मला दिसत नाही. पण ज्या कारणांनी तुम्ही निर्धास्त आहात, ती कारणं मला पटत नाहीत. खातं प्रायव्हेट करणं म्हणजे पुढच्या दाराला कडी लावणं. ती लावाच. पण गेली सोळा वर्षं मी जी प्रकरणं हाताळतेय, त्यांत पुढच्या दाराने आत शिरलेला माणूस क्वचितच भेटला.

माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. काहींचं खातं चोरीला गेलेलं असतं, कुणाचा पाठलाग होत असतो, कुणाला फोटोवरून धमक्या येत असतात. दुसऱ्यांना तसं काही झालेलं नसतं. आपली किती माहिती बाहेर पसरली आहे, हे त्यांना वेळेवर बघून घ्यायचं असतं. ही तपासणी मी कोऱ्या कागदावर करते. मधोमध त्या माणसाचं नाव लिहायचं, जे सापडेल ते भोवती मांडायचं आणि कुठून कुठे पोचले त्याच्या रेघा ओढायच्या. लेखी परवानगी घेतल्याशिवाय सुरुवात करत नाही. कुठलंही कुलूप तोडत नाही. कुणाही परक्या माणसाला दिसेल तेवढंच बघते.

मागच्या वर्षी एका शिक्षिकेचा कागद केला. खातं प्रायव्हेट, पोस्ट मोजून अकरा. पहिली वीस मिनिटं कागद कोराच होता, दिसत होतं ते फक्त नाव आणि प्रोफाईलचा फोटो. मग मी तिचं खातं बाजूला ठेवलं आणि तिच्या आजूबाजूला बघायला लागले. एका मैत्रिणीच्या उघड्या खात्यावर वाढदिवसाचा फोटो होता, ४ आणि ० अशा आकड्यांच्या मेणबत्त्या आणि पोस्टवर तारीख. जन्मतारीख सालासकट मिळाली. एका मुलाने तिला 'आत्या' म्हणून टॅग केलं होतं. त्याच्या आडनावावरून हिचं माहेरचं आडनाव कळलं. बहिणीने टाकलेल्या फोटोत तिची मुलगी गणवेशात होती, खिशावरचा बिल्ला मोठा करून वाचता आला. धावण्याच्या एका ॲपवर तिचं खातं होतं, ते ती विसरूनच गेली होती. तिथले नकाशे आठवड्यातून चार दिवस, सकाळी पावणेसहाला, एकाच कोपऱ्यावरून सुरू होऊन त्याच कोपऱ्यावर संपत होते. तिच्या प्रोफाईलच्या फोटोत मागे बाल्कनीचा नक्षीदार कठडा आणि पलीकडच्या गच्चीवरची निळी टाकी दिसत होती. उपग्रह नकाशात तो कोपरा काढला, टाकी सापडली आणि इमारत ठरली.

हे सगळं सव्वा तासात झालं. तिने कागद हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या टेबलावरचं पेन उचलून स्वतः टाकलेल्या गोष्टींभोवती गोल करायला लागली. दोनच गोल झाले: प्रोफाईलचा फोटो आणि धावण्याचे नकाशे. बाकी सगळं दुसऱ्यांनी टाकलेलं होतं, तेही प्रेमापोटी.

त्या कागदावर गुपित म्हणावं असं काहीच नव्हतं. वाढदिवस, आडनाव, शाळा, सकाळची वेळ, यातलं काहीही तुम्ही प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाला सहज सांगाल. पण हे सगळं एका कागदावर आलं की त्यातून घर कुठलं, घरात कोण, आणि घरी कोण कधी नसतं, हे कळतं. म्हणून 'लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. माणूस एकेक तुकडा हातात घेऊन विचार करतो, यात काय एवढं? धोका तुकडे जुळतात तिथे सुरू होतो.

किती थोडे तुकडे पुरतात, हे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० सालीच मांडलं होतं. जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड, एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव म्हणून ओळखता येण्याची शक्यता आहे, असं त्यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं. तेव्हा फेसबुक नव्हतं. आज या तिन्ही गोष्टी आपण प्रोफाईलमध्ये स्वतः भरतो, किंवा त्या फोटोंमधून सहज निघतात.

आणि जुळलेल्या तुकड्यांनी कुलूपं उघडतात. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या याहू ईमेल खात्यात एक विद्यार्थी शिरला. त्याने पासवर्ड फोडला नव्हता. 'पासवर्ड विसरलात का?' यावर जाऊन तिथे विचारलेलं त्याने भरलं: जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी ओळख कुठे झाली. उत्तरं इंटरनेटवर होतीच. अशी प्रश्नावली आजही अनेक ठिकाणी आहे आणि तिची खरी उत्तरं देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. पहिल्या शाळेचं नाव विचारलं तर कुठल्याही शाळेचं नसलेलं काहीतरी लिहा आणि पासवर्ड जिथे जपून ठेवता तिथेच ते टिपून ठेवा. 'तुमचं पहिलं पाळीव जनावर, पहिली गाडी, लहानपणीचा रस्ता सांगा' असे खेळ फिरत असतात ना, ते याच प्रश्नांचे सोंग घेतलेले भाऊबंद आहेत. त्यांना उत्तर देऊ नका.

आता दुसऱ्यांनी टाकलेल्या माहितीकडे येते, कारण प्रायव्हेट सेटिंग सगळ्यात लंगडं पडतं ते इथे. तुमचं सेटिंग तुमच्या पोस्टपुरतं. भावाच्या पोस्टवर भावाचं सेटिंग चालतं. तुमचा नंबर ज्या ज्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यातल्या एकाने जरी 'तुमचे मित्र शोधा' म्हणणाऱ्या ॲपला संपर्कयादी दिली, की तुमचा नंबर, ईमेल आणि त्याने तुम्हाला दिलेलं टोपणनाव कंपनीकडे गेलं. तुम्ही तिथे खातं उघडलेलं असो वा नसो. हे पहिल्यांदा ढळढळीत दिसलं २०१३ मध्ये. फेसबुकच्या एका बिघाडामुळे सुमारे ६० लाख लोकांचे फोन नंबर आणि ईमेल इतरांना दिसले. त्यात लोकांनी स्वतः कधीच न दिलेले नंबरही होते. ते आले होते मित्रांच्या संपर्कयाद्यांमधून.

केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८ मध्ये ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा चर्चा निवडणुकांची झाली. माझ्या दृष्टीने त्यातले दोन आकडे महत्त्वाचे होते. व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ज्या ॲपमधून फेसबुकवरची माहिती त्या कंपनीकडे गेली, ते स्वतःहून घेतलं होतं अंदाजे २ लाख ७० हजार लोकांनी. आणि फेसबुकच्याच अंदाजानुसार माहिती गेली ती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. म्हणजे एका माणसाने 'चालेल' म्हटलं आणि त्याच्यामागे तीनशेहून जास्त माणसांची माहिती गेली, त्यांना पत्ताही नव्हता. मित्रांची माहिती ॲपला देणारी ती वाट फेसबुकने पुढे बंद केली. या प्रकरणानंतर २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंडही केला. पण माणसं एकमेकांना उघडी पाडतात हे काही त्याने थांबलेलं नाही. घरातल्या एखाद्याने गंमत म्हणून केलेली चाचणी ही त्याची एकट्याची बाब नसते.

म्हणून तपासणीनंतर मी पहिलं काम देते ते सेटिंगचं नसतं. फोन करण्याचं असतं. ज्या चारपाच माणसांच्या खात्यांवर तुम्ही सगळ्यात जास्त दिसता, त्यांच्याशी बोला. 'तू चूक केलीस' असं म्हणू नका. 'मुलीचा गणवेशातला फोटो तेवढा काढशील का, आणि पुढच्या वेळी टाकण्याआधी मला विचारशील का' एवढंच सांगा. लोक ऐकतात. त्या शिक्षिकेच्या बहिणीने फोनवर बोलता बोलताच फोटो काढला. टॅग झाल्यावर तुमची मंजुरी लागेल असं सेटिंग बहुतेक ठिकाणी असतं, तेही चालू करा. पण लक्षात ठेवा, त्याने टॅग तुमच्या पानावर येणं थांबतं, फोटो समोरच्याच्या पानावर राहतोच.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. फोनने काढलेल्या फोटोच्या फाईलमध्ये, लोकेशन चालू असेल तर, अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. २०१२ मध्ये फरार असलेले उद्योजक जॉन मॅकाफी ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळलं ते एका मासिकाने त्यांच्यासोबत काढून टाकलेल्या फोटोतल्या अशाच आकड्यांवरून. मोठ्या साईट आता फोटो दाखवताना हे आकडे काढून टाकतात, पण अपलोड करताना ते कंपनीला मिळतातच. आणि तोच फोटो मेसेजमध्ये 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला किंवा ईमेलला जोडला, तर आकडे जसेच्या तसे पुढे जातात. कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी काढून टाका, हा प्रश्न तिथेच संपतो.

चित्रात जे दिसतं ते मात्र काढता येत नाही. जपानमध्ये २०१९ मध्ये एका तरुण गायिकेवर तिच्या घराजवळ हल्ला झाला. हल्लेखोराने पोलिसांना सांगितलं की तिच्या सेल्फीत डोळ्यांच्या बुबुळांवर पडलेलं रेल्वे स्थानकाचं प्रतिबिंब त्याने मोठं करून बघितलं, ऑनलाईन नकाशावरच्या रस्त्यांच्या चित्रांशी ताडून स्थानक ओळखलं आणि तिथे उभा राहून तिची वाट बघितली. पडदे आणि खिडकीतून येणारा उजेड यावरून तिचं घर कुठल्या मजल्यावर असेल याचाही अंदाज तो बांधत होता. एवढा चिकाटीचा माणूस प्रत्येकाच्या मागे नसतो, हे खरं. पण कॅमेरे दरवर्षी अधिक बारकावे टिपतात आणि फोटोवरून जागा ओळखण्याचं काम आता यंत्रंही करू लागली आहेत, तेव्हा एवढ्या चिकाटीची गरजही उरलेली नाही.

माझा स्वतःचा नियम असा आहे: जागा सोडल्यावर फोटो टाकायचा. प्रवासाचे फोटो घरी परतल्यावर. रोज जिथे जातो ती जागा अजिबात नाही. एकदाच गेलेल्या डोंगराचा फोटो फार काही सांगत नाही, रोजच्या थांब्याचा फोटो पुष्कळ सांगतो, कारण तिथे तुम्ही उद्याही असणार आहात. धावण्या-चालण्याच्या ॲपमध्ये घराभोवतीचा भाग नकाशातून लपवण्याची सोय असते, ती शोधा. स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या धावपटूंच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, त्यात कुणाचंही नाव नव्हतं. तरी २०१८ च्या जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की ओसाड प्रदेशात चमकणाऱ्या त्या रेघा म्हणजे लष्करी तळांवर धावणारे सैनिक आहेत. नाव काढून टाकलं तरी रोजची वाट ओळख सांगते.

चेहऱ्याचंही तसंच आहे. क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीने वेगवेगळ्या साईटवरून ३ अब्जांहून जास्त फोटो गोळा करून चेहरा शोधण्याचं यंत्र बनवल्याचं २०२० च्या जानेवारीत उघड झालं. तुमचं खातं प्रायव्हेट असलं तरी प्रोफाईलचा फोटो सहसा सगळ्यांना दिसतो. म्हणून नोकरीच्या साईटवर एक, मित्रांच्या साईटवर दुसरा असे वेगळे फोटो ठेवा, आणि खरेदी-विक्रीच्या किंवा आजारांविषयी बोलण्याच्या ठिकाणी चेहराच नको. चेहरा शोधणाऱ्या यंत्रापुढे वेगळ्या फोटोंचा उपयोग नाही, पण साध्या फोटोशोधात एकच फोटो सगळीकडे असला की सगळी खाती एका दमात जुळतात. युजरनेमही एकच असलं की तेच. पंधरा वर्षं जपलेलं लाडकं युजरनेम सोडताना लोकांना वाईट वाटतं, मला समजतं, पण मी दुसरं घ्यायलाच सांगते.

फोन नंबर हा सगळे तुकडे बांधणारा दोरा आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये ५३ कोटींहून जास्त फेसबुक वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर फुकट पसरली, नाव आणि त्यासमोर नंबर. कुणी सर्व्हर फोडला नव्हता. संपर्कयादी चढवून मित्र शोधण्याची जी सोय आहे, तिच्यात यंत्राने ढीगभर नंबर टाकत जायचं आणि कुठल्या नंबरावर कोण निघतं ते टिपत जायचं, एवढंच केलं होतं. अनेकांनी प्रोफाईलवरचा नंबर 'फक्त मला दिसावा' असा ठेवला होता. पण 'नंबरवरून मला कोण शोधू शकतं' हे सेटिंग वेगळं असतं, आणि तिथे कंपनीने आधीच 'सगळे' लावून ठेवलं होतं. आयर्लंडच्या नियामकाने २०२२ मध्ये यासाठी फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीला २६.५ कोटी युरोंचा दंड केला. नंबर मात्र परत येत नाहीत. ते दुसरं सेटिंग आज उघडून बघा, नावं ॲपगणिक वेगळी असतात, पण 'मला कसं शोधता येईल' अशा अर्थाचं काहीतरी असतं. ईमेलसाठीही तेच.

सुरक्षेसाठी दिलेला नंबरही सुरक्षेपुरता राहतोच असं नाही. दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिराती नेमक्या माणसापर्यंत पोचवायला वापरले म्हणून ट्विटरने २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरले. यावर 'मग दोन टप्प्यांचं लॉगिनच नको' असं म्हणू नका. ते हवंच, माझ्याकडे आलेली खातं चोरीला जाण्याची बहुतेक प्रकरणं तेवढ्याने टळली असती. फक्त मेसेजवर येणाऱ्या ओटीपीऐवजी कोड देणारं ॲप किंवा पासकी (पासवर्डऐवजी तुमच्या फोनचं कुलूप उघडून लॉगिन करण्याची सोय) वापरा. म्हणजे सुरक्षाही मिळते आणि नंबरही द्यावा लागत नाही.

इथवर मी इतर माणसांना काय दिसतं ते सांगितलं. कंपनीला काय दिसतं हा वेगळा विषय आहे, आणि तिथे प्रायव्हेट हे बटण काहीच करत नाही. ते तुम्हाला लोकांपासून झाकतं, कंपनीपासून नाही. ऑस्ट्रियातला कायद्याचा विद्यार्थी मॅक्स श्रेम्स याने २०११ मध्ये फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली तेव्हा त्याला १,२२२ पानं मिळाली. त्याने खोडून टाकलेले मेसेजही त्यात होते. आणि जे तुम्ही कधी लिहिलंच नाही, त्याचाही अंदाज बांधता येतो. २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले मिखाल कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या फेसबुकवरच्या लाईकचा अभ्यास केला. पुरुष समलिंगी आहे की नाही हे केवळ लाईकवरून ८८ टक्के प्रसंगी बरोबर ओळखता आलं, आणि अमेरिकेतल्या दोन पक्षांपैकी कुठला पक्ष हे ८५ टक्के प्रसंगी. अशी गोष्ट माणूस कधी आणि कुणाला सांगायची हे स्वतः ठरवतो, वर्षानुवर्षं थांबतो. ते ठरवण्याचा हक्कच इथे हातातून जातो, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

ही नजर ॲपच्या बाहेरही असते. असंख्य वेबसाईटवर या कंपन्यांचे न दिसणारे कोडचे तुकडे बसवलेले असतात. २०२२ मध्ये द मार्कअप या वृत्तसंस्थेने अमेरिकेतली नावाजलेली १०० रुग्णालयं तपासली. ३३ रुग्णालयांच्या वेबसाईटवरून, रुग्णाने डॉक्टरांची वेळ घेण्याचं बटण दाबलं की ती माहिती फेसबुककडे जात होती. तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये इतर वेबसाईट आणि ॲपवरून आलेल्या तुमच्या हालचालींची यादी असते. ती एकदा निवांत वाचा, मग पुसा आणि पुढे जोडणं बंद करा. ब्राउझर आणि फोन दोन्हीकडे ट्रॅकिंग बंद करण्याची सोय आहे. यातलं सगळं थांबणार नाही. पुष्कळ कमी होतं.

आता ज्या गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं, तिच्यावर येते. तुमच्या यादीतली दीडशे माणसं ओळखीची आहेत म्हणून तुम्हाला सुरक्षित वाटतं. मी हाताळलेल्या सगळ्यात गंभीर प्रकरणांत त्रास देणारा माणूस त्या यादीतच होता. तुटलेल्या नात्यातला जोडीदार, नातेवाईक, सहकारी. परक्या माणसाला तुकडे जुळवावे लागतात, याला ते तोंडपाठ असतात. त्याला पासवर्डची कल्पना असते, फोन कधी टेबलावर पडलेला असतो ते माहीत असतं. सेटिंगमध्ये 'तुम्ही कुठे कुठे लॉगिन आहात' अशी यादी असते. दर महिन्याला ती बघा. जुना टॅब, ऑफिसचा संगणक, कधीकाळी कुणाच्या फोनवर 'दोन मिनिटांसाठी' उघडलेलं खातं, हे सगळं तिथे सापडतं.

मात्र एक गोष्ट जिवाच्या मोलाची आहे. तुमच्यावर नजर ठेवणारा माणूस हिंसक असेल, तर ही यादी एका झटक्यात साफ करू नका. त्याला लगेच कळतं आणि राग तुमच्यावर निघतो. आधी त्याचा हात न लागलेल्या दुसऱ्या फोनवरून अशा कामात अनुभवी संस्थेशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोला, पुराव्याचे फोटो घेऊन ठेवा, कुठे राहायचं ते ठरवा, आणि मग एकाच दिवशी सगळे पासवर्ड बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या ईमेलमध्ये असतात.

खासगी क्षणांचे फोटो कुणी पसरवण्याची धमकी देत असेल, तर पैसे देऊ नका, मागणी वाढतच जाते. संभाषण खोडू नका, तो पुरावा आहे. २०२१ च्या डिसेंबरपासून 'स्टॉपएनसीआयआय' नावाची मोफत सोय आहे. तुमच्या फोनमध्येच त्या फोटोचा आकड्यांचा ठसा तयार होतो. फोटो कुठेही जात नाही, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो चढवला गेला तर त्या ओळखून अडवतात. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी अशीच 'टेक इट डाऊन' ही सोय २०२३ पासून आहे. ही नावं पालकांनी आणि शिक्षकांनी लिहून ठेवावीत. त्या घाबरलेल्या क्षणी काही आठवत नाही, आणि मुलं तर आधी घरच्यांनाच घाबरतात.

गायब होणारे मेसेज आणि चोवीस तासांच्या स्टोरी यांच्यावर विसंबू नका, दुसऱ्या फोनने फोटो काढता येतो. लहान मुलांच्या बाबतीत माझं मत कडक आहे: चेहरा, पूर्ण नाव आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकत्र कधीच नकोत, आणि मूल बोलायला लागलं की त्याला विचारल्याशिवाय फोटो नको.

जुनं सामानही बघा. नियम तुमच्या नकळत बदलतात. २००९ च्या डिसेंबरमध्ये फेसबुकने सेटिंग बदलली आणि लोकांनी झाकून ठेवलेल्या मित्रयादीसारख्या गोष्टी उघड्या झाल्या; त्यावरून २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी कंपनीला तडजोड करावी लागली. आणि सोडून दिलेली खाती आपोआप मरत नाहीत. लिंक्डइनची २०१२ मधली चोरी सुरुवातीला ६५ लाख पासवर्डची वाटली होती. २०१६ मध्ये ११ कोटींहून जास्त ईमेल-पासवर्ड विक्रीला आले. चार वर्षांपूर्वीचा तो पासवर्ड कितीतरी जणांनी दुसरीकडे तसाच ठेवला होता. ईमेलमध्ये 'स्वागत आहे' आणि 'खातं सुरू झालं' असे शब्द शोधा, विसरलेली खाती बाहेर येतात. वापरात नसलेलं प्रत्येक खातं बंद करा.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. खातं ठेवा. जन्मसाल, नंबर आणि मित्रयादी लपवा, प्रोफाईलचा फोटो बदला, दीडशे नावं एकदा खालपर्यंत वाचा आणि ज्याला आज घरी बोलावणार नाही त्याला काढा. मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, स्वतःचं नाव, नंबर आणि जुनं युजरनेम शोधा आणि स्वतःचा कागद स्वतः भरा. एक संध्याकाळ पुरते.

आणि तरीही बंद करायचंच ठरवलंत, तर 'तात्पुरतं बंद' आणि 'कायमचं काढून टाका' यातला फरक बघून घ्या. पहिल्यात माहिती कंपनीकडे जशीच्या तशी राहते. आधी तुमच्या माहितीची प्रत उतरवून घ्या. या खात्याने लॉगिन होणाऱ्या दुसऱ्या साईटची यादी काढून तिथे ईमेल-पासवर्ड लावा, नाहीतर तीही दारं बंद होतील. फेसबुकवर काढून टाकण्याची विनंती दिल्यावर ३० दिवस मुदत असते आणि त्या काळात तुम्ही लॉगिन करून विनंती मागे घेऊ शकता. सगळं पुसलं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून विनंती दिल्या दिवशीच फोनवरून ॲप काढा. सवयीने बोट पडतं, 'विनंती रद्द करू का?' असं विचारलं जातं, आणि घाईत माणूस 'हो' दाबून बसतो.